रेमिशनचा रिपोर्ट आला, पुढची अडीच वर्षं घरानं कशी काढायची?

पंचगंगेपलीकडच्या, करवीर तालुक्यातल्या एका वडिलांनी विचारलंय. मुलगी चार वर्षांची. ताप हटेना, अंगावर काळेनिळे डाग उठायला लागले म्हणून रक्त तपासलं, तर रक्ताचा कर्करोग निघाला, अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. उपचार कोल्हापुरातच सुरू झाले आणि पाच आठवड्यांनी रिपोर्टवर ‘रेमिशन’ असा शब्द आला. आता घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो, आजार गेला, पोरीला घरी आणा, पुढचं एखादा वैद्य बघेल. दुसरा म्हणतो, सगळं सोडून मुंबई गाठा. आई पाच आठवडे वॉर्डातून हललेली नाही. नऊ वर्षांचा मुलगा आजीजवळ आहे, तो बोलेनासा झालाय. वडील शिरोलीत फौंड्रीत पाळीला जातात, दारात दोन म्हशी आहेत. शेवटची ओळ अशी: “पोरगी बरी होईल म्हणतात, पण घर कसं टिकवायचं ते कुणी सांगत नाही.”

दादा, मी एकोणीस वर्षं कर्करोग झालेल्या मुलांच्या वॉर्डात आहे. आधी सिस्टर म्हणून, आता समुपदेशक म्हणून. तुमच्या शेवटच्या ओळीचं उत्तर त्या रिपोर्टातल्या शब्दापासूनच सुरू होतं, म्हणून आधी तो शब्द नीट समजून घ्या.

आजार सापडतो तेव्हा मुलाच्या शरीरात कर्करोगाच्या पेशी लाख कोटीच्या घरात असतात. पहिल्या चार-पाच आठवड्यांच्या केमोनं त्यातल्या बहुतेक मरतात. बोन मॅरोत, म्हणजे हाडांतल्या मगजात, शंभर पेशींमागे पाचापेक्षा कमी उरल्या आणि बाकी काउंट, म्हणजे रक्तातल्या चांगल्या पेशींचे आकडे, भरून आले, की त्याला रेमिशन म्हणतात. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली आजार दिसेनासा झाला, संपला नाही. दिसत नाहीत अशा कोट्यवधी पेशी अजून लपून असतात. उपचार इथं थांबवले तर त्या पुन्हा वाढतात, आणि दुसऱ्यांदा आलेला आजार पहिल्यापेक्षा चिवट असतो. म्हणूनच पुढे काही महिने जोराची केमो असते आणि त्यानंतर मेंटेनन्सची, म्हणजे घरी घ्यायच्या गोळ्यांची लांबण, सगळी मिळून दोन ते अडीच वर्षं. तुम्ही शेतकऱ्याच्या घरातले आहात. आडसाली ऊस कंबरेएवढा तरारला म्हणून कुणी पाणी तोडत नाही. सोळा-अठरा महिने पाणी, खत, भांगलण चालूच राहते आणि तोवर हातात पैसा येत नाही. या घराला आता त्याच चालीनं चालायचंय.

मी हे इतक्या आग्रहानं सांगते, कारण उपचार अर्धवट सोडून गेलेली मुलं मी पाहिली आहेत आणि त्यातली फार थोडी परत आली. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की श्रीमंत देशांत कर्करोग झालेली 80 टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात आणि अनेक गरीब देशांत 30 टक्क्यांहून कमी. औषधं तीच आहेत. फरक पडतो तो आजार उशिरा कळण्यात, संसर्गात, औषध न मिळण्यात आणि मधेच उपचार सोडण्यात. यातलं शेवटचं बरंचसं घराच्या हातात असतं.

वैद्याबद्दल बोलते. तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना मी दुखावणार नाही, ते प्रेमापोटीच बोलतात. पण ही एक गोष्ट त्यांना जरूर सांगा. तुमच्या मुलीला शिरेतून जे व्हिनक्रिस्टिन देतात, ते सदाफुलीतून काढलेलं औषध आहे. अंगणातली, गुलाबी-पांढऱ्या फुलांची, तीच सदाफुली. म्हणजे वनस्पतीचं औषध तिला मिळतंच आहे, फक्त मोजून. चार वर्षांच्या मुलाला ते एका वेळी साधारण एक मिलिग्रॅम लागतं. एवढ्याशा फरकानं तारणारं औषध मारक होतं, म्हणून घरी पानं वाटून देणं धोक्याचं आहे. काढे, भस्मं, कुठल्याशा पुड्या यांचाही भार यकृतावर पडतो, आणि केमोच्या गोळ्यांनी ते आधीच दमलेलं असतं. काही द्यायचं मनात आलंच तर आधी डॉक्टरांना दाखवा. लपवून दिलेल्या पुडीनं रक्तातलं बिलिरुबिन (यकृत दमल्याची खूण) वाढलं, की आम्ही कारण शोधत बसतो आणि तोवर केमो थांबते.

मुंबईचं म्हणाल तर दुसरं मत घेणं तुमचा हक्क आहे आणि चांगले डॉक्टर त्याला नाराज होत नाहीत. फाइल, बोन मॅरोचे रिपोर्ट, फ्लो सायटोमेट्री (पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी), एमआरडीचा (लपून उरलेल्या पेशी मोजणारा) रिपोर्ट, सगळं घेऊन तुम्ही एकटे टाटाला जाऊन या, मुलीला नेऊ नका. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघालात की सकाळी मुंबई. या आजाराचे उपचार ठरलेल्या आराखड्यानं चालतात. प्रशिक्षित डॉक्टर, रक्तपेढी आणि आयसीयू जवळ असेल तर ते कोल्हापुरात होऊ शकतात. आजार उलटला, जोखमीच्या गटातला निघाला किंवा बोन मॅरो ट्रान्सप्लांट लागलं, तर मुंबई-पुण्याचा विचार करावा लागतो. तशी वेळ आली तर राहायची सोय आधी बघा. सेंट ज्यूड इंडिया ही संस्था 2006 पासून उपचार घेणाऱ्या मुलांना आईवडिलांसह मोफत राहायला जागा देते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळाही आहे. रेल्वेत कर्करुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं आणि सोबतच्या माणसाला 75 टक्के सवलत मिळते. त्याचा दाखला रुग्णालयातून घ्यायचा. मात्र शेजारच्या कुणी सांगितलं म्हणून चालू केमो तोडून मुलीला घेऊन निघू नका.

आता तापाबद्दल. हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं, आजीलाही. काखेत थर्मामीटर लावून 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त आलं, की लगेच वॉर्डात फोन आणि लगेच निघायचं. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. काउंट पडलेले असताना मुलाकडे संसर्गाशी लढायला पांढऱ्या पेशीच नसतात, आणि काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून जायला हवं. फार वर्षांपूर्वी एका घरानं, रात्रीचं डॉक्टरांना कशाला उठवायचं म्हणून, सिरप देऊन मुलाला झोपवलं. ताप उतरलाही. सकाळी सात वाजता आणलं तेव्हा हातपाय गार होते. तो मुलगा गेला, आणि त्याचा आजार रेमिशनमध्ये होता. रात्री दोनला फोन करणाऱ्या आईबापांवर वॉर्डातलं कुणी रागावत नाही. कुणी रागावलंच तर ऐकून घ्या आणि तरीही या.

तुमचं गाव नदीपलीकडचं, म्हणून आणखी एक. 2019 आणि 2021 मध्ये महापुरानं शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता, हे तुम्हाला मी सांगायला नको. राजाराम बंधाऱ्याची पातळी तुमच्याकडच्या लहान पोरांनाही पाठ असते. धोका पातळी 43 फुटांची, पण तुम्ही 39 ची इशारा पातळीही गाठू देऊ नका. पाणी चढतंय असं दिसलं की मायलेकींना शहरातल्या नातेवाइकांकडे आणून ठेवा, पंधरा दिवसांच्या गोळ्यांसह. ते घर आत्ताच ठरवा आणि त्यांना तसं सांगून ठेवा.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. घरी शिजवलेलं, ताजं, गरम. पाणी उकळून गार केलेलं. फळ सोलून खायचं ते, केळं, मोसंबी, संत्रं. मोड आलेली कच्ची कडधान्यं, बाहेरची भेळ, उसाचा रस नको. आणि कच्चं दूध अजिबात नको. आपल्याकडे धारोष्ण दुधाचं भारी कौतुक, गंगावेशीत म्हशीखालून थेट पेला भरून पिणारी माणसं आपण. या मुलीला मात्र दारच्या म्हशीचं दूधही उतू जाईपर्यंत तापवूनच. गोठ्यात तिला नेऊ नका. वैरण, शेण, कुजलेला पालापाचोळा यांत बुरशी असते आणि ती फुप्फुसात बसली तर फार छळते. तुम्ही धार काढून आलात की हातपाय धुवा, कपडे बदला आणि मगच तिला उचला. देवाधर्माला आड येणार नाही, अंगारा कपाळाला लावा, पण तीर्थ तोंडात नको आणि जोतिबाच्या यात्रेचा गुलाल तिच्यापासून लांबच ठेवा.

पुढच्या काही महिन्यांत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा कोर्स पुन्हा येईल. पहिल्या महिन्यात तिच्यात काय बदल झाला ते आठवतंय ना? एका पाच वर्षांच्या मुलानं वॉर्डात पहाटे तीनला वरणभात मागितला. आई तळमजल्यावर जाऊन भात गरम करून घेऊन आली. ताट समोर येताच त्यानं ते ढकलून दिलं. वरण चादरीवर, उशीवर, आईच्या पदरावर. मग स्वतःच हमसून हमसून रडायला लागला आणि म्हणाला, “आई, मला माहीत नाही मला काय होतंय.” आईला वाटत होतं आपण लाडानं बिघडवलं. बिघडलेलं काही नव्हतं, ते स्टेरॉइड बोलत होतं. या औषधानं भूक खवळते, झोप उडते, राग अनावर होतो, गाल फुगतात. कोर्स संपला की काही दिवसांत मूल पूर्ववत होतं. त्या दिवसांत रात्री खायला काय द्यायचं ते संध्याकाळीच करून ठेवा. फक्त मीठ हात राखून घाला. तिच्या रागाला रागानं उत्तर देऊ नका, आणि तो राग वहिनींवर एकट्यांवर पडू देऊ नका.

मुलीला काय सांगायचं? खरं, तिला झेपेल एवढं. “तुझ्या रक्तात काही पेशी वेड्यावाकड्या वाढल्यात. त्यांना घालवायला औषध आहे. औषधानं केस जातील, मग परत येतील. हे तुझ्यामुळं झालेलं नाही.” चार वर्षांच्या पोरीला एवढं पुरतं. पाठीतल्या इंजेक्शनला नेताना “काही टोचणार नाही” असं म्हणू नका. एकदा खोटं पडलात की पुढच्या वेळी ती तुमचा हात धरणार नाही. “टोचेल, मी इथंच उभा आहे, आपण दहापर्यंत मोजू” असं म्हणा. भूल देऊन करणार असतील तर तेही सांगा, “तू झोपशील, उठशील तेव्हा मी समोर असेन”, आणि मग खरोखर समोर असा. जेवत नाही म्हणून “सिस्टरला बोलावून सुई मारायला सांगते” ही धमकी घरातल्या कुणीही द्यायची नाही. आमच्याकडून तिला अजून कितीतरी सुया घ्यायच्या आहेत, त्यात शिक्षेची सुई मिसळू नये.

आता तुमचा मुलगा. तुमच्या पत्रात त्याच्याबद्दल एकच वाक्य होतं, ते मी दोनदा वाचलं. घरात असा आजार आला की दुसरं भावंड आपोआप शहाणं होतं, आणि सगळे त्याचं कौतुक करतात, “किती समजूतदार, काही त्रास देत नाही.” एका मुलाची दहा वर्षांची बहीण अशीच समजूतदार होती. एक दिवस ती भेटायला आली तर डावा गाल सुजलेला. दाढ किडून पू झाला होता. किती दिवस दुखतंय विचारलं तर म्हणाली, “दिवाळीपासून.” तेव्हा जानेवारी होता. आईला आणखी टेन्शन नको म्हणून पोरीनं दोन महिने एका बाजूनं चावून जेवण केलं होतं.

नऊ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात बहुधा तीन प्रश्न असतात आणि तो एकही विचारत नाही. मी तिला मारलं होतं, ढकललं होतं, म्हणून झालं का? मलाही होईल का? ती मरणार का? त्यानं विचारायची वाट बघू नका. तुम्हीच सांगा: तुझ्यामुळं झालेलं नाही, हा आजार लागट नाही, आणि ती बरी व्हावी म्हणून चांगलं औषध चालू आहे, बरीच मुलं यातून बरी होतात. “तिला काही होणार नाही” अशी शपथ घालू नका. रोज ठरलेल्या वेळी त्याच्या आईनं त्याला फोन करायचा, पंधरा मिनिटं, आणि त्यात बहिणीचा विषय त्यानं काढला तरच. शाळेत वर्गशिक्षकांना भेटून परिस्थिती सांगा. वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर लगेच कळवा अशी विनंतीही तेव्हाच करा. घरात संपर्क आला तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायचं, मुलीला पुरळ उठायची वाट बघायची नाही. मुलाच्या लसी चालू ठेवा, पण पोलिओचे तोंडातले थेंब घरातल्या कुठल्याही मुलाला देण्याआधी आम्हाला विचारा.

वहिनींबद्दल बोलते. पाच आठवडे खुर्चीत झोपलेल्या बाईला आराम करा म्हणून सांगणं निरुपयोगी आहे. तिची पाळी दुसऱ्यानं घ्यावी लागते. आठवड्यातली एक रात्र तुम्ही वॉर्डात थांबा आणि त्यांना घरी पाठवा. सिस्टरना आधी विचारून ठेवा, बहुतेक ठिकाणी वडिलांना थांबू देतात. त्या रात्री वहिनी मुलाजवळ झोपतील, म्हणजे एका दगडात त्याचंही काम होईल. त्या नाही म्हणतील. पहिल्या वेळी दर तासाला फोन करतील. तिसऱ्या आठवड्यापासून जमतं.

आणि घरात कुणी “गरोदरपणात काय खाल्लं होतंस” असं बोललं असेल, तर ते तुम्ही थांबवायचं, वहिनींनी नव्हे. बहुतेक मुलांत या आजाराचं कारण सापडत नाही. आईच्या खाण्यानं, दृष्टीनं, पायगुणानं हा होत नाही. तुमच्या आईंना घेऊन या, मी स्वतः त्यांच्याशी बोलेन. सासूबाई समोर बसून ऐकतात तेव्हा फरक पडतो.

डॉक्टर काही महत्त्वाचं सांगणार असतील तर दोघं हजर राहा. एकानं ऐकून दुसऱ्याला सांगायचं, यात अर्ध गळतं आणि राहिलेल्यावरून भांडण होतं. दोनशे पानी वही करा. पुढून रोजचा ताप, काउंट, दिलेली औषधं. मागच्या पानापासून प्रश्न, जसे सुचतील तसे.

मेंटेनन्सची गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, कारण तिथं घराची खरी कसोटी असते. पोरगी खेळत असते, केस परत आलेले असतात, पाहुण्यांचं येणं कधीच थांबलेलं असतं. तेव्हा रोज एक गोळी, मर्कॅप्टोप्युरिन, आणि आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट. मेथोट्रेक्सेटची ही छोटी पिवळी गोळी ज्या औषधाची बहीण आहे, त्या अ‍ॅमिनोप्टेरिननं 1947 मध्ये बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांत पहिल्यांदा तात्पुरतं रेमिशन आणलं. ते औषध तयार करण्यामागे भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. त्याआधी या आजाराचं मूल काही महिन्यांत जायचं. अमेरिकेतल्या मुलांवरच्या अभ्यासात दिसलंय, की मेंटेनन्समध्ये रोजची गोळी 95 टक्क्यांपेक्षा कमी घेतली गेली तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. म्हणजे महिन्यात दोन दिवस चुकले तरी.

आणि चुकून जास्त दिलं तरी तितकंच वाईट. आमच्याकडे एका घरात आठवड्याची मेथोट्रेक्सेट रोज दिली गेली. आम्ही वडिलांना नीट समजावलं होतं, पण गोळ्या देत होती आजी, आणि तिला वाचता येत नव्हतं. हे आम्ही विचारलंच नव्हतं, चूक आमची. तोंडभर फोड, काउंट तळाला, तीन आठवडे ते पोर अ‍ॅडमिट. वाचलं. तेव्हापासून मी विचारते, गोळी नक्की कुणाच्या हातानं दिली जाते? त्या माणसाला बोलावून घेते. मेथोट्रेक्सेट तांबड्या डबीत, आणि ती डबी फक्त ठरलेल्या वारी खाली उतरवायची. तुमच्याकडे दूध घालायला रोज संस्थेत जाणं चुकत नाही. त्याच वेळेला गोळी जोडा, संध्याकाळचं दूध घालून आलं की गोळी, आणि कॅलेंडरवर फुली.

पैशाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार घेऊन भेटा. खर्च करून बसल्यावर नव्हे, आधी मंजुरी घ्या. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी 10 टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी 10 टक्के सवलतीत राखलेल्या असतात, उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा. आणि म्हशी विकू नका एवढ्यात. पहिल्या महिन्यात घाबरून जनावर, दागिना, गुंठा विकणारी माणसं दुसऱ्या वर्षी गाडीभाड्याला अडतात. दुधाचं बिल हे तुमचं अडीच वर्षांचं गाडीभाडं आहे.

मदतही तशीच पुरवून घ्या. तालमीतली पोरं पन्नासजण एकदम रक्त द्यायला येतील, त्यांचा जीव मोठा आहे. पण प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. त्यांची नावं, रक्तगट, फोन लिहून घ्या आणि सांगा, “आज दोघं, बाकीचे मी हाक मारीन तेव्हा.” बघायला येणाऱ्या पाहुण्यांना काम द्या. मावशीनं मंगळवारचा डबा, चुलत्यानं शुक्रवारची धार, आणि मुलीच्या खोलीत मास्क लावून एका वेळी एकानंच.

येत्या रविवारी तिचे काउंट बरे असले तर मुलाला घेऊन वॉर्डात या. आधी सर्दी-खोकला नाही ना ते बघा. त्याला मी सलाइनची बाटली, मॉनिटर, हात धुवायची जागा दाखवीन. बहिणीच्या बाहुलीला बँडेज कसं बांधायचं तेही शिकवीन. येताना त्याची गणिताची वही आणू द्या, खाटेशेजारी एक छोटं टेबल आहे.